मारामारीचा गेम लेकराला द्यायचा की नाही? पालकांनी ठरवायचं कसं

"गोळ्या घालायचा गेम आहे का?" एवढं विचारून बहुतेक घरांत निकाल लागतो. हो म्हटलं की मोबाइल हिसकावला जातो, नाही म्हटलं की सूट मिळते. दोन्ही निकाल घाईचे आहेत. गोळ्या असलेला एखादा गेम चौदा वर्षांच्या पोराला काहीच त्रास देत नाही, आणि एकही गोळी नसलेल्या गेममध्ये अनोळखी माणूस नऊ वर्षांच्या पोरीशी रोज बोलत असतो. त्यामुळे विचारायचं ते वेगळं. लेकरू त्या गेममध्ये नेमकं काय करतं, कोणाला करतं, त्याबद्दल त्याला काय मिळतं, सोबत कोण असतं आणि गेम बंद केल्यावर ते कसं वागतं?

हे तपासायला दोन-तीन संध्याकाळी मिळून दोनेक तास लागतात. त्यानंतर पंधरा दिवस लक्ष ठेवावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हिंसक गेम खेळणारं लेकरू पुढे गुन्हेगार होतं, असं विज्ञान म्हणत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये सगळा अभ्यास पुन्हा तपासला. अशा गेमचा ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. खऱ्या हिंसाचाराशी संबंध जोडण्याइतका पुरावा मात्र नाही, असं त्यांनी मांडलं. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही आणि डोळे मिटून बसायचंही नाही. पालकांनी बघायचा तो झोप, चिडचिड, शिव्या, धाकट्या भावंडांना मारणं, अभ्यास आणि पैसा या रोजच्या गोष्टींवरचा परिणाम.

पायरी १ : गेमचं खरं नाव, आणि तो आला कुठून

आपल्याकडे गोळीबाराच्या प्रत्येक गेमला सरसकट "पबजी" म्हणतात. पबजी मोबाइलवर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याच्या जागी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये तो थांबवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत सुरू झाला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला. या सगळ्या उलथापालथीत पोरांना एक सवय लागली. प्ले स्टोअरवर गेम मिळाला नाही की मित्राकडून व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर एपीके फाइल, म्हणजे स्टोअरशिवाय अ‍ॅप टाकायची फाइल, मागवायची.

म्हणून पहिलं काम हे. गेमच्या चिन्हावर बोट दाबून धरा, "अ‍ॅप इन्फो" उघडा आणि अगदी खाली जा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तिथे अ‍ॅप कोणत्या स्टोअरवरून आलं ते लिहिलेलं असतं. प्ले स्टोअरचं नाव नसेल तर गेम चांगला की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवा आणि तो आधी काढून टाका. "जीटीए ५ मोबाइल" नावाने फिरणाऱ्या फाइलींच्या बाबतीत तर विचारसुद्धा करू नका. जीटीए ५ हा गेम कंपनीने फोनसाठी काढलेलाच नाही. तो कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर चालतो. या नावाने फोनमध्ये शिरणारी फाइल भलतंच काही असते, आणि त्याच फोनवर बापाचं फोनपे आणि बँकेचे ओटीपी येत असतात. अ‍ॅप काढल्यावर सेटिंगमध्ये "अननोन अ‍ॅप्स" शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांची इन्स्टॉल करण्याची परवानगी बंद करा.

पायरी २ : वयाचा आकडा वाचा

सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे भागही पडलेत. गेम बघून प्रमाणपत्र देणारं तसं बोर्ड आपल्याकडे नाही. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा जो आकडा दिसतो, तो आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने येतो. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो, त्यावरून आकडा निघतो. आकड्यावर बोट ठेवलं की खाली कारण दिसतं : सौम्य हिंसा, तीव्र हिंसा, भीतिदायक दृश्यं, शिवराळ भाषा, गेममधली खरेदी, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात, वगैरे. पालकांनी वाचायची ती ही कारणं. आकडा सगळेच बघतात, कारण कोणी बघत नाही.

कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशनच्या गेमवर युरोपची पेगी किंवा अमेरिकेची ईएसआरबी खूण असते. पेगीचे आकडे समजायला सोपे आहेत. ७ म्हणजे खोटी-खोटी, तपशील न दाखवणारी मारामारी. १२ म्हणजे काल्पनिक प्राण्यांवरची थोडी ठळक हिंसा, किंवा माणसांवरची पण खरी न वाटणारी. १६ म्हणजे हिंसा खऱ्यासारखी दिसते. १८ म्हणजे क्रूर हिंसा, विनाकारण मारणं किंवा जे प्रतिकार करू शकत नाहीत त्यांना मारणं. ईएसआरबीचं एम हे अक्षर सतरा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे.

आमचं मत असं. आकडा लेकराच्या वयापेक्षा दोन वर्षांहून जास्त पुढे असेल तर तिथेच थांबा, पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. बारा वर्षांच्या पोराला १८ चा गेम द्यायचा का, यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र आकडा वयात बसला म्हणून परवानगीही देऊन टाकू नका, कारण माइकवर समोरचा माणूस काय बोलेल हे कुठल्याच आकड्यात मोजलेलं नसतं.

पायरी ३ : वीस मिनिटं स्वतः बघा

यूट्यूबवर गेमचं नाव टाकून पुढे "गेमप्ले नो कॉमेंटरी" लिहा. ट्रेलर बघू नका, ती जाहिरात असते. आरडाओरडा करत खेळणाऱ्या यूट्यूबरचा व्हिडिओही नको, कारण त्यात गेमपेक्षा तो माणूसच जास्त दिसतो. साधा खेळ रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मधूनच लावा आणि पाच गोष्टी टिपा.

*मरतं कोण?* माइनक्राफ्टमध्ये चौकोनी झोंबी तलवारीने मारले की ते धूर होऊन नाहीसे होतात. त्याला पेगी ७ आहे आणि ते पटतं. बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्समध्ये समोर माणूस असतो, पण त्याच्याही हातात बंदूक असते. जीटीए ५ मध्ये रस्त्यावरून निघालेल्या साध्या माणसाला गाडीखाली घालता येतं. या तीन गोष्टी एका मापाने मोजू नका.

*मेल्यावर शरीराचं काय होतं?* फ्री फायर मॅक्समध्ये मेलेल्याच्या जागी सामानाची पेटी राहते. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये हरलेल्याचं शरीर फाडण्याचा प्रसंग हे बक्षीस म्हणून दाखवतात. १९९२ साली हा गेम आला तेव्हा अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की १९९४ मध्ये ईएसआरबी उभी राहिली, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक होतं.

*हिंसा टाळता येते का?* हा सगळ्यात कामाचा प्रश्न. काही गेममध्ये लपून, पळून किंवा कोडं सोडवूनही पुढे जाता येतं. काहींत मारल्याशिवाय पानच हलत नाही. जीटीए ५ च्या एका मिशनमध्ये बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ खेळणाऱ्याकडूनच करून घेतला जातो, हत्यारसुद्धा त्यालाच निवडायला लावतात. कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ (२००९) मध्ये दहशतवाद्यांसोबत विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार होतो तो भाग आहे. तो वगळायची सोय गेमनेच दिलेली आहे, पण ते विचारणारी सूचना पोरं वाचत नाहीत. सिनेमात लेकरू अत्याचार बघतं, इथे बटण त्याच्या अंगठ्याखाली असतं. हा फरक लहान नाही.

*दिसतं कोणाच्या डोळ्यांनी?* पात्राची पाठ दिसत असेल तर जरा अंतर राहतं. नुसते हात आणि बंदूक दिसत असेल तर लहान लेकराला ते जास्त लागतं, विशेषतः भुताखेतांच्या गेममध्ये. सात-आठ वर्षांचं पोर गोळीबाराने जेवढं घाबरत नाही तेवढं अंधाऱ्या बोळात अचानक समोर आलेल्या चेहऱ्याने घाबरतं आणि रात्री उठून बसतं.

*दुसऱ्याला वाचवण्याचं काम आहे का?* बीजीएमआयमध्ये जखमी झालेल्या सोबत्याला "रिवाइव्ह" करता येतं. गोळीबार सोडून त्याच्याकडे धावत जाणारं लेकरू आणि त्याच्याकडे ढुंकून न बघणारं लेकरू, दोन्ही एकाच गेममध्ये दिसतात. गेम तोच, वागणं वेगळं. म्हणूनच पुढची पायरी लागते.

पायरी ४ : शेजारी बसून तासभर

"दाखव, काय खेळायलास" असं म्हणत तपासणीला आल्यासारखं बसू नका. "मला शिकव बरं" म्हणा. पोरगा दोन मिनिटांत मास्तर होतो आणि सगळं आपणहून सांगतो.

बीजीएमआयची मॅच अशी असते. साधारण शंभर खेळणारे विमानातून बेटावर उतरतात. पहिली काही मिनिटं घराघरांत शिरून बंदुका, हेल्मेट, औषधं गोळा करण्यात जातात. नकाशावरचं वर्तुळ आवळत येतं, बाहेर राहिलं की जीव कमी होतो, म्हणून सगळे आत सरकतात. शेवटी जो गट उरतो त्याला "चिकन डिनर" मिळतं. पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. फ्री फायर मॅक्समध्ये साधारण पन्नास खेळणारे असतात, मॅच दहा-पंधरा मिनिटांत आटोपते आणि जिंकल्यावर "बूयाह" येतं.

यातलं एक पालकांनी लक्षात ठेवावं. या मॅचला मध्येच थांबण्याचं बटण नाही. लेकरू चौघांच्या गटात असेल आणि ते उठून गेलं तर बाकीचे तिघे अडकतात आणि त्याचा रँकही घसरतो. आईने जेवायला हाक मारली आणि पोरगं "पाच मिनिटं, पाच मिनिटं" करतं ते प्रत्येक वेळी उर्मटपणाने नसतं.

खेळताना पडद्याकडे कमी आणि लेकराकडे जास्त बघा. "नॉक" म्हणजे गोळी लागून आडवं झाल्यावर हसून पुढच्या मॅचला लागतं, की दात खातं, फोन आपटतं? मारताना कोणते शब्द तोंडात येतात? हरल्यावर दोष कोणाला देतं? मॅच संपल्यावर दोन साधे प्रश्न विचारा : "त्याला मारलंस, त्यानं काय केलं होतं?" आणि "यातलं खरं काय, खोटं काय?" दहा वर्षांच्या पुढचं लेकरू याची नीट उत्तरं देतं. सहा-सात वर्षांचं गोंधळतं. ते गोंधळलं तर गेमचा आकडा काहीही असो, अजून वेळ आहे असं समजा.

पायरी ५ : माइकवर कोण आहे?

हेडफोन काढून स्पीकरवर एक मॅच ऐका. अनोळखी गटात कानावर काय पडतं ते एकदा ऐकलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. बारा वर्षांखालच्या लेकरासाठी नियम सरळ ठेवा : माइक बंद, गटात फक्त शाळेतली किंवा गल्लीतली ओळखीची पोरं. माइक आणि स्पीकर "ऑल"वरून "टीम"वर आणायची किंवा पूर्ण बंद करायची सोय गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये असते. फ्रेंड लिस्ट उघडून प्रत्येक नावाला "हा कोण?" विचारा. "माहीत नाही, पण रोज खेळतो, स्किन देतो म्हणला" (स्किन म्हणजे पात्राचे किंवा बंदुकीचे नवे कपडे-रंग) असं उत्तर आलं तर ते नाव तिथल्या तिथे काढा. फोन नंबर, शाळेचं नाव, फोटो मागणाऱ्याचा स्क्रीनशॉट आधी घ्या आणि मग ब्लॉक करा. उलटं केलं तर पुरावा जातो.

पायरी ६ : पैसा

बंदुकीला नवा रंग, पात्राला नवे कपडे, "लकी स्पिन". हे घ्यायला खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं गेममधलं नाणं लागतं : बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड. स्पिनमध्ये काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून पोरं पुन्हा पुन्हा फिरवतात. युरोपच्या पेगीने २०२० पासून अशा खरेदीची वेगळी सूचना छापायला सुरुवात केली.

प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, मग सेटिंग्ज, तिथे खरेदीसाठी पडताळणीचा पर्याय "प्रत्येक खरेदीला" यावर ठेवा. पेमेंट पद्धतींत कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर ते काढा. यूपीआयचा पिन लेकरासमोर टाकू नका, आणि पिन म्हणून जन्मसाल तर नकोच. गावातल्या मोबाइल दुकानातून रोख देऊन रिचार्ज कोड घेता येतो, हेही ध्यानात असू द्या. किराण्याचे सुटे परत येत नसतील तर तिकडे बघा. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलेत. तशा अ‍ॅपची लिंक लेकराच्या फोनवर दिसली तर ती फसवणूकच समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

पायरी ७ : तुमचं लेकरू

इथवर गेम तपासला. आता तेवढ्याच बारकाईने लेकरू तपासा. आधीच रात्री दचकून उठणारं, घरात मारहाण बघितलेलं, शाळेत मार खाणारं किंवा मारणारं, नुकतंच जवळचं माणूस गमावलेलं, अशा लेकराला वयात बसणारा गेमही जड जाऊ शकतो. ज्याला क्रिकेट, तालीम, मित्र सगळं आहे आणि गेम हा त्यातला एक भाग आहे, त्याच्याबाबत थोडी सूट द्यायला हरकत नाही.

निर्णय, आणि तो पाळायचा कसा

उत्तर तीनपैकी एक : हो, अटींवर हो, किंवा आत्ता नाही. "नाही" असेल तर कारण आणि मुदत दोन्ही सांगा : "यात निःशस्त्र माणसाला मारायला लावतात म्हणून नको. सोळाचा झालास की परत बघू." नुसतं "नको म्हणलं ना" याने पोरगं मित्राच्या फोनवर खेळतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, सेटिंग्ज, फॅमिली, पॅरेंटल कंट्रोल्स इथे जाऊन पिन टाका आणि वयाची मर्यादा लावा. ही मर्यादा फक्त प्ले स्टोअरपुरती आहे. आधी टाकलेले गेम तसेच राहतात, काही फोनमध्ये प्ले स्टोअरशिवाय दुसरं स्टोअरही असतं, तेही बंद करावं लागतं. लेकराचा फोन वेगळा असेल तर गूगल फॅमिली लिंक लावा. वेळ, झोपेचे तास आणि नव्या अ‍ॅपची परवानगी तुमच्या फोनवरून देता येते. घरात एकच फोन असेल, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत तसंच आहे, तर बँकेच्या आणि यूपीआयच्या अ‍ॅपना अ‍ॅपलॉक लावा आणि गेमला फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये टायमर.

बीजीएमआय अठरा वर्षांखालच्यांना पालकाच्या मोबाइल नंबरवर परवानगी मागतो आणि दिवसाला तीन तासांवर थांबवतो. आईच्या फोनवर आलेला ओटीपी पोरगंच टाकून घेतं, म्हणून त्या पडताळणीवर विसंबू नका. आणि तीन तास म्हणजे तीन तास खेळणं योग्य, असाही अर्थ नाही.

वेळ मिनिटांत बांधू नका, मॅचमध्ये बांधा : "बीजीएमआयच्या दोन मॅच" किंवा "फ्री फायरच्या चार". जेवणाआधी दहा मिनिटं "ही शेवटची" म्हणून सांगा. मॅच मध्येच तोडायला लावलं की रोज भांडण होतं आणि दोष गेमला जातो. रात्री झोपण्याआधीचा तास गेम नको, आणि फोन रात्री आईबापाच्या खोलीत चार्जिंगला.

पंधरा दिवस हे बघा : झोप कमी झाली का, धाकट्यावर हात उगारतं का, शिव्या वाढल्या का, ताट समोर असून लक्ष फोनकडे का, मैदान सुटलं का, पैशांची लपवाछपवी आहे का. एखादी गोष्ट दिसली तर मॅच निम्म्या करा. तीन-चार दिसल्या तर महिनाभर बंद, आणि बंद काळात संध्याकाळी दुसरं काही ठरवून द्या. एप्रिल-मे मध्ये बारा ते पाच घराबाहेर पाय टाकता येत नाही, तेव्हा कॅरम, पत्ते, वाचनालयातली पुस्तकं आधीच घरात आणून ठेवली नाहीत तर बंदी आठवडाभरही टिकत नाही.

घर दोन ठिकाणी असेल तेव्हा

बीड, जालना, परभणी भागात दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं चार-पाच महिने आजी-आजोबांकडे राहतात. फोन हा तिथे आईचा आवाज असतो, म्हणून तो काढून घेता येत नाही आणि घेऊही नये. निघण्याआधी पिन आणि पॅरेंटल कंट्रोल लावून जा, पिन आजीला न देता घरातल्या मोठ्या काकाला किंवा शाळेतल्या एखाद्या ओळखीच्या सरांना द्या. आजीला दोनच कामं सांगा : रात्री नऊला फोन तिच्या उशापाशी, आणि लेकरू रात्री ओरडत उठलं किंवा दोन दिवस जेवलं नाही तर फोन करायचा. आजीकडून गेमची परीक्षा करवून घेऊ नका. रोजच्या फोनवर "अभ्यास केलास का" याच्या आधी "आज कोणासोबत खेळलास" हे विचारा.

लातूरला अकरावी-बारावीला रूम करून राहणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा. सतरा वर्षांच्या पोराचा फोन दुरून कुलूपबंद होत नाही आणि रक्तपाताचा त्याच्यावर फार परिणाम होईल ही भीतीही कमी असते. तिथे जपायची ती झोप. रात्री दोनपर्यंत रँक "पुश" करणारं पोर सकाळच्या क्लासला डोळे ताणत बसतं. त्याच्याशी गेम वाईट आहे असा वाद घालू नका, अकराला फोन बंद एवढाच करार करा आणि घरी आल्यावर मार्कांसोबत झोपेचीही चौकशी करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून "गेमिंग डिसऑर्डर" लागू झाला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर चाललं तर तो आजार धरतात. पण वर्षाची वाट बघायची गरज नाही. लेकरू शाळा सोडून बसलं, स्वतःला इजा करायची भाषा करू लागलं किंवा फोन काढल्यावर घरातल्यांवर चालून आलं तर त्याच दिवशी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाताना गेमचं नाव, रोजचे तास आणि झोपेच्या वेळा कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.